गवताला लावलेलं विरजण

माझे सासरे पुण्याला वकिली करत. जावई काय करतात असं कोणी विचारलं, की ते सुपारी कातरता कातरता सांगत, "सरकारी खर्चाने गवत कुजवतात." कुजवणं निराळं आणि मुरवणं निराळं, हे मी त्यांना एकदोनदा समजावून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "लोणचं मुरतं आणि पाचोळा कुजतो, एवढं मला कळतं हो. पण खड्डा झाकलेला असताना आत काय चाललंय, ते तुम्हाला तरी सांगता येतं का?" तेव्हा मला राग आला होता. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर वाटतं, सबंध नोकरीत मला विचारला गेलेला तेवढा एकच नेमका प्रश्न होता.

मी शेतकी खात्यात कामगार होतो. आज हा शब्द गिरणीतल्या माणसाला लावतात. आमच्या खात्यात तेव्हा गावोगाव हिंडून शेतकऱ्याला त्याने न विचारलेल्या गोष्टी सांगणारा जो इसम, त्याला कामगार म्हणत. माझ्याकडे मावळ होता आणि बिऱ्हाड लोणावळ्याला. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती चार-पाच वर्षं. एक सायकल, एक छत्री आणि खात्याच्या पत्रकांचा गठ्ठा एवढं माझं शस्त्रागार. पत्रकं जाड, गुळगुळीत कागदावर छापलेली असत. त्यामुळे गावात त्यांना फार मागणी होती. वाणी त्यांत हळद बांधत असे.

मावळातल्या जनावरांचं दुःख बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. श्रावण-भाद्रपदात तिथे गवत माणसाच्या कमरेला लागतं. डोंगर, बांध, ओढ्याचे काठ, सगळीकडे पवना आणि मारवेल या जातींचं गवत नुसतं माजलेलं असतं. तेव्हा ते गोड आणि कसदार असतं. पण तेव्हाच कापून वाळवावं म्हटलं, तर पाऊस आठ-आठ दिवस उसंत देत नाही. कापलेलं गवत जागच्या जागी काळं पडतं. म्हणून लोक दसऱ्यानंतर, ऊन पडल्यावर कापणी करतात. तोवर गवताने बी धरलेलं असतं, कस उतरलेला असतो आणि हातात येतो तो केरसुणीचा माल. त्यातलाही बराचसा दाबून, गासड्या बांधून, रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांकडे जातो. मग चैत्र-वैशाखात, ज्या डोंगरावर गाय गवतात दिसेनाशी व्हायची, त्याच डोंगरावर तिच्या बरगड्या लांबून मोजता येतात.

यावर उपाय म्हणजे मुरघास. हा शब्द पुढे आला. तेव्हा आम्ही 'खड्ड्यातलं गवत' म्हणत होतो. हिरवं गवत कापायचं, अर्धा दिवस पडवीत सुकू द्यायचं, बारीक तोडून खड्ड्यात भरायचं आणि पायांनी तुडवून तुडवून त्यातली हवा घालवायची. वर पानं, पेंढा, चिखल आणि दगड. हवा आत गेली नाही, की गवत आपोआप आंबतं आणि आंबलेलं गवत वर्षभर टिकतं. 'आपोआप' या शब्दातच सगळी मेख आहे. गवतावर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. काही आंबवणारे, काही सडवणारे. खड्डा बंद झाला की आत दोघांची शर्यत लागते. आंबवणारे पुढे गेले तर चारा होतो, सडवणारे पुढे गेले तर खत होतं. दुधाचंही हेच असतं; नुसतं ठेवलं तर कधी दही लागेल, कधी नासेल. बायका म्हणूनच दुधाला नशिबावर सोडत नाहीत, विरजण लावतात.

ही शेवटची दोन वाक्यं मला पत्रकातून समजली नाहीत. त्यासाठी एक खड्डा वाया जावा लागला.

पहिला खड्डा मी टाकव्याला कासमभाईंच्या गोठ्यामागे घेतला. कासमभाई टाकवे बुद्रुकचे. आजूबाजूचं दूध गोळा करून लोणावळ्याच्या बंगल्यांना घालत आणि दसऱ्यानंतर गवताचा व्यापार करत. स्वतःच्या चार म्हशी होत्या. जिभेला धार होती आणि मनात काही नव्हतं. मला ते 'घासमास्तर' म्हणत. खड्डा फाल्गुनात उघडला, तेव्हा खवट तूप आणि भिजलेलं चामडं एकत्र ठेवल्यासारखा वास आला. मी घमेलंभर काढून म्हशीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, एक फुंकर टाकली आणि मान भिंतीकडे वळवली.

"काय हो मास्तर," कासमभाई म्हणाले, "म्हशीनं त्वांड फिरवलं. निकाल लागला. ह्याच्यावर अपील न्हाई."

"गवत फार ओलं होतं," मी म्हणालो.

"पावसाळ्यात कोरडं गवत मी बी बघतोय कवाधरनं. घावलं तर मला बी सांगा."

लोणावळ्याच्या एका निवृत्त बंगलेवाल्या गृहस्थांनीही त्याच वर्षी सिमेंटचा खड्डा बांधला होता. त्यावर स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. गवत तुडवणं मात्र त्यांच्या माळ्याला कमीपणाचं वाटलं. त्यातून निघालेलं त्यांनी गुलाबांना घातलं. गुलाब फार सुरेख आले. माझ्या अहवालात तो खड्डा 'अंशतः यशस्वी' असा आहे.

मी खात्याला लिहिलं, की परदेशात असे आंबवणारे जीव नळीत वाढवून गवतावर शिंपडतात म्हणे; आपल्या प्रयोगशाळेतून तशी नळी मिळावी. अर्ज मी उन्हाळ्यात केला. त्याच्या प्रवासाबद्दल पुढे सांगतो.

पावसाळा लागला, नळी आली नाही. भाद्रपदातली एक सकाळ होती. टाकव्याच्या वर डोंगराच्या खांद्यावर ठाकरांची वाडी आहे, तिथे मी बुधाजी आबांच्या ओट्यावर भिजून बसलो होतो. आबा पन्नाशी ओलांडलेले, हाडाने बारीक, बोलायला कमी. दोन बैल, दोन गाई आणि उतारावरची थोडी भातखाचरं, नाचणी-वरईचं वरकस रान. त्यांची बायको ठकूमावशी. आबा जे बोलत नसत ते सगळं ती बोलायची. तिने मला ताक दिलं. तसं ताक मी पुण्यात प्यालो नव्हतो. दाट, आंबट, पण जिभेला न चावणारं.

"मावशी, पावसाळ्यात ताक इतकं चांगलं कसं राहतं?"

"सासूचं विरजण हाय. तिच्या सासूचं तिला आलतं. ह्या वाडीत समद्यांच्या घरात माझंच विरजण हाय. कुणाचं नासलं का माझ्या दारात." मग हसून म्हणाली, "दुसऱ्याच्या विरजणानं सून नांदत न्हाई, आसं सासू म्हनायची. मी नांदले. आता वाडी नांदवते."

मी पेला खाली ठेवला. उन्हाळ्यापासून ज्या नळीची वाट पाहत होतो, ती मी नुकतीच प्यालो होतो.

मी त्यांना सांगितलं, की गवताचा खड्डा भरायचा आणि प्रत्येक थरावर ताक आणि गुळाचं पाणी शिंपडायचं. ताकातले जीव गवताला आंबवतील, गूळ त्यांचं खाद्य. मावशी माझ्याकडे पाहतच राहिली.

"जमिनीला ताक पाजायचं?"

आबा म्हणाले, "पाज. ती आपल्याला जलमभर पाजती. एक डाव आपुन पाजू."

त्या दिवशी मावशी घरोघर फिरली आणि तिने दिलेलं विरजण ताकाच्या रूपाने परत गोळा करून आणलं. दोन हंडे भरले. कासमभाईंनी मुंग्या लागलेली गुळाची ढेप खाली बाजारातून पाठवली. वर निरोप पाठवला, "म्हशीला लाडू वळून द्या म्हणावं." सबंध वाडी खड्ड्यात उतरून नाचली. खरंच नाचली, एकमेकांच्या कमरेत हात घालून, फेर धरून. हवा काढायची म्हणजे काय, हे मी पत्रकातून सांगत होतो. त्यांच्या पायांना ते आधीच ठाऊक होतं.

निघताना मावशीने एक पितळी तांब्या भरून विरजण दिलं. "बाईंना द्या. म्हनावं, वाडीचं हाय." पुढच्या फेरीला मी तांब्या घासूनपुसून परत नेला. तिने आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"रिकामा? आवं भाऊसायेब, कुणाचं भांडं कुनी रिकामं परत देतं व्हय? पुन्यात आसंच करत्यात?"

पुण्यातही असं करत नाहीत. करतो तो मी. घरी बायकोने मला तेच ऐकवलं आणि पुढच्या खेपेला त्या तांब्यात खोबऱ्याच्या वड्या गेल्या. तेव्हापासून तो तांब्या डोंगर चढत-उतरत राहिला. कधी त्यात करवंदं येत, कधी मध, कधी नाचणीचं पीठ. आमच्या घरी दही त्या विरजणाचं लागू लागलं.

आणि नळी? ती कार्तिकात आली. भुशाने भरलेल्या लाकडी पेटीत, कापसात गुंडाळलेली, लाखेने बंद केलेली. सोबत इंग्रजीत सूचना होती, की ती मिळाल्यापासून तीन दिवसांत वापरावी. अर्जावर आठ सह्या होत्या. तोवर डोंगरावर हिरवी काडी उरली नव्हती. मी पेटी कपाटात ठेवून दिली.

खड्डा चैत्रात उघडला. वरचा वीतभर थर काळा होता, त्याखाली गवत पिवळसर हिरवं, मुरलेल्या कैरीच्या रंगाचं. वास आंबट, थोडा गोड. आबांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि मान हलवली. गाईंनी खाली मान घातली ती घमेलं चाटून पुसूनच वर केली. वैशाखात त्या वाडीत दुधाची धार निघाली. म्हाताऱ्यांनी सांगितलं, की वैशाखातलं दूध त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. वाडीने त्या चाऱ्याला नाव ठेवलं, 'गवताचं लोणचं'.

हे ताकामुळे झालं का, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. गवत सुकवून घातलं होतं, गूळ होता, आणि नाचणाऱ्यांनी हवा खरोखरच काढली होती. ताक न शिंपडता दुसरा खड्डा भरून दोन्ही ताडून पाहायला हवे होते. तेवढं शास्त्र मला येत होतं. पण माणसाला यश मिळालं, की पुरावा गोळा करायची हौस राहत नाही. मी अहवाल लिहायला बसलो.

तिसऱ्या वर्षी खड्डा दुप्पट घेतला. पुन्हा ताक, पुन्हा नाच. दसऱ्यानंतर आबांनी नेहमीप्रमाणे सुकं गवत कापून परड्यात गंजी रचली. भाताचा पेंढाही तिच्यातच होता. आणि तिथे मी माझ्या आयुष्यातला सर्वांत शहाणपणाचा सल्ला दिला.

"आबा, एवढा मोठा खड्डा असताना गंजी कशाला? विकून टाका. खड्डा उन्हाळाभर पुरेल."

सल्ला खोटा नव्हता. हिशेबाने खड्डा पुरला असता. पण तो मी आबांसाठी दिला नव्हता. अहवालाच्या छापील फॉर्मात एक रकाना होता, 'शेतकरी सुक्या चाऱ्यावर अवलंबून आहे काय?' तिथे मला 'नाही' असं लिहायचं होतं. सबंध जिल्ह्यात तसं लिहिणारा मी पहिला झालो असतो.

गंजी घ्यायला कासमभाईच आले. त्यांनी गंजीला चक्कर मारली, एक काडी काढून दातांत धरली आणि आबांना म्हणाले, "बुधाजी, माझा धंदा घेन्याचा हाय, तरी सांगतो. इकू नगं. लोनचं कितीबी चांगलं आसलं तरी भाकर लागतीच."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. म्हणालो, "कासमभाई, तुम्हाला अजून ती म्हैस विसरता येत नाही."

"न्हाईच इसरत. ती खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी गंजी गाडीत भरली.

मार्गशीर्षात पत्र आलं. फार वरचे एक साहेब प्रयोग पाहायला येणार होते. खड्डा 'पूर्ण उघडून दाखवण्याची व्यवस्था' करायची होती, कारण छायाचित्र घ्यायचं होतं.

आता इथे वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. खड्ड्याचा सगळ्यांत मोठा नियम भरण्याचा नाही, उघडण्याचा आहे. गरज लागेपर्यंत उघडायचा नाही; उघडला, की रोज थोडा थोडा काढून जनावरांना घालायचा, मध्ये थांबायचं नाही. हवा आत शिरली, की सडवणारे जीव, जे महिनोन् महिने गुदमरून पडलेले असतात, ते जागे होतात. उघडून पुन्हा झाकलेला खड्डा म्हणजे झाकलेला खड्डा नव्हे. हे मी वाडीत इतक्यांदा सांगितलं होतं, की बायका गवत तुडवताना ते गाण्यात म्हणायच्या.

मी उत्तराचा मसुदा लिहिला. 'खड्डा अवेळी उघडल्यास चाऱ्याची हानी होईल, सबब विनंती की...' इथपर्यंत आलो आणि थांबलो. साहेब पुढच्या वर्षी येतीलच असं नव्हतं. माझी बढती दोन वर्षं अडली होती. कागदाच्या चार घड्या केल्या, मग आठ केल्या आणि बंबात टाकला. त्या दिवशी अंघोळीला पाणी नेहमीसारखंच तापलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी खड्डा उघडवला. आबांनी दगड काढले, चिखल काढला, पेंढा उचलला. एकदा थांबून त्यांनी विचारलं, "समदाच?"

"सगळाच," मी म्हणालो.

मांडव घातला होता. गवताची कमान केली होती. टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर खात्याची ती नळी, लाकडी पेटीतून काढून, झेंडूची माळ घालून ठेवली होती. अहवालात मी ताक लिहिलं नव्हतं. 'योग्य जीवाणूंचा वापर' असं लिहिलं होतं, आणि नळी ही योग्य जीवाणूंची अधिकृत राहण्याची जागा होती. लाख तशीच होती. त्या मांडवात न उघडलेली तेवढी एकच वस्तू होती.

साहेब आले नाहीत. लोणावळ्याची हवा त्यांना मानवली होती. ते दुसऱ्या दिवशीही आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. रोज निरोप येई, 'उद्या नक्की'. उद्याच्या आशेने मी खड्डा बंद केला नाही. बंद करून पुन्हा उघडायला निम्मा दिवस लागला असता. वर नुसत्या चटया अंथरून ठेवल्या. पाचव्या दिवशी आभाळ आलं आणि दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. आम्ही मांडवाचं कापड खड्ड्यावर ताणलं. कापड शोभेचं होतं. त्यातून पाणी गाळून, स्वच्छ होऊन आत गेलं.

साहेब नवव्या दिवशी आले. मी पहाटेच वरचा सडलेला थर काढून टाकायला लावला होता, त्यामुळे दिसायला सगळं ठीक होतं. त्यांनी नाकाला रुमाल लावून खड्ड्यात पाहिलं, नळी पाहिली, बैलाच्या पाठीवर थाप मारली. एवढ्या लहान नळीत एवढं मोठं काम होतं, याचं त्यांनी कौतुक केलं. ठकूमावशी गर्दीच्या कडेला नवं लुगडं नेसून उभी होती. हातात ताकाचा हंडा. साहेबांना ताक द्यायचं तिने ठरवलं होतं. शिपायाने तिला दोनदा मागे सारलं. मी ते पाहिलं. मी साहेबांशी बोलत होतो. छायाचित्र निघालं. खात्याच्या कचेरीत ते पुष्कळ वर्षं टांगलेलं होतं. त्यात साहेब आहेत, नळी आहे, मी आहे. आणि डाव्या कडेला हंडा धरलेला एक हात आहे, कोपरापर्यंत.

साहेब गेल्यावर खड्डा पुन्हा झाकला. मी आबांना सांगितलं, "उघडाल तेव्हा वरचा हातभर थर टाकून द्या. खाली काही होत नाही." खाली काय झालंय ते पाहायला एक माणूस आणि एक पहार पुरली असती. मी पाहिलं नाही. माघात माझी बढती झाली आणि खात्याने चार महिन्यांसाठी मला सोलापूरकडे पाठवलं. तिथे मी मावळच्या प्रयोगावर व्याख्यानं दिली.

वैशाखाच्या सुरुवातीला सोलापूरला कार्ड आलं. कासमभाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. दोनच ओळी होत्या. 'घासमास्तर, तुमचा खड्डा बघायला या. ह्या खेपेला मांडव न्हाई.'

मी रजा काढून गेलो. वाडीत पोहोचलो तेव्हा दुपार होती. खड्डा उघडा होता. कमरेपर्यंत काळा, पांढऱ्या बुरशीने जाळं धरलेला. त्याखाली पाणी साचून चिखल झालेला. ओळखीचा वास होता, खवट तूप आणि भिजलेलं चामडं. आबांनी सबंध खड्डा हातांनी उपसून चांगली काडी निवडायचा प्रयत्न केला होता. बाजूला तिचा एक लहानसा ढीग होता. घमेलंभर असेल.

खाली टाकव्यात विकत घ्यायला पेंढा उरला नव्हता. सगळा केव्हाच मुंबईला गेला होता. कासमभाईंनी स्वतःच्या म्हशींच्या तोंडचा एक गाडीभर पेंढा वर पाठवला. आबा झाडावर चढून ऐनाचा आणि उंबराचा पाला तोडत होते. पण एवढ्यात चार जनावरं जगत नाहीत. तेव्हा आबांनी निवड केली. मृगात नांगर धरायला बैल लागतात. बैल गेले तर भात नाही, नाचणी नाही. म्हणून होता तो पेंढा बैलांना गेला आणि गाईंना मागे ठेवलं. गाई मावशीच्या होत्या. थोरली मी यायच्या आधी चार दिवस गेली. धाकटी मी पोहोचलो तेव्हा बसून होती. मावशी तिच्या तोंडाशी पाल्याचं एक एक पान धरत होती. गाय पान ओठांत घेई आणि तसंच राहू देई.

मी आबांच्या शेजारी खड्ड्याच्या काठावर बसलो. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

"आबा, तुम्हाला तर नियम माहीत होता. मी उघडा म्हटलं तेव्हा तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?"

"भाऊसायेब, नेम तुमीच सांगितलावता. उघडला का झाकत न्हाई म्हून. मग तुमीच उघडा म्हनला. मला वाटलं, ज्यानं नेम सांगितला त्याला नेमाच्या म्होरलं बी कायतरी ठावं आसंल."

मला नेमाच्या पुढचं काही ठाऊक नव्हतं. धाकटी गाय दोन दिवसांनी गेली.

मी खात्याला खरा अहवाल लिहिला. खड्डा कोणाच्या आज्ञेने आणि का उघडला, किती दिवस उघडा राहिला, ताक कोणाचं होतं, सगळं. वरून उत्तर आलं, की प्रयोग यशस्वी म्हणून आधीच नोंदला गेला असल्याने हा मजकूर स्वतंत्रपणे विचारात घेण्याचं कारण दिसत नाही. नुकसानभरपाईला तरतूद नव्हती. मी माझ्याकडून गाय घेऊन देतो असं आबांना म्हणालो. ते म्हणाले, "मेलेल्या गाईचं दान आमी घेत न्हाई." पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. त्यानंतर त्या वाडीत कोणी खड्डा घेतला नाही. मी इतर गावांत घेतले, पुष्कळ घेतले. त्यातले बरेच चांगले साधले. उघडण्याबद्दल कोणी विचारलं, की मी फार मोठ्याने बोलतो असं लोक म्हणत.

दसरा झाल्यावर एक दिवस बायकोने तो पितळी तांब्या माझ्यापुढे ठेवला. वाडीचा तांब्या माघापासून आमच्याकडेच राहिला होता. तिने त्यात विरजण भरलं होतं. "त्यांचंच आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे राहिलं नसेल. नेऊन द्या." मला ती कल्पना फार बरी वाटली. खरं सांगायचं तर सहा महिन्यांत पहिल्यांदा मला डोंगर चढावासा वाटला. वाटेत मनात वाक्यंही जुळवली होती.

मावशी अंगणात वरई पाखडत होती. वाळली होती. मला पाहून तिने नेहमीसारखं "या भाऊसायेब" म्हटलं आणि घोंगडी टाकली. आबा रानात गेले होते. मी तांब्या पुढे केला.

"मावशी, तुमच्या सासूबाईंचं विरजण. आमच्याकडे जपलंय. मोडू दिलं नाही."

तिने झाकण काढलं, वास घेतला. चेहरा एकदम उजळला. "व्हय, आमचंच. चांगलं ठेवलंय बाईंनी." मग तिने झाकण परत लावलं आणि तांब्या मांडीवर धरून बसली. अगदी समजावल्यासारखं म्हणाली, "विरजन तर शेजारी बी हाय, भाऊसायेब. मी दिल्यालंच हाय. पर लावू कशाला? दूध कुटं हाय?"



ती उठून आत गेली. विरजण तिने वाडग्यात ओतलं असावं. आबांना भाकरीबरोबर होईल असं काहीतरी म्हणाली. राखेने तांब्या घासल्याचा आवाज आला. मी उठलो. मला वाटलं, तांब्या आता तिच्याकडेच राहील. तिचाच होता.

ती बाहेर आली, सुपाशी वाकली आणि ओंजळभर वरई तांब्यात घातली. मग आणखी एक ओंजळ घातली.

"मावशी, नको. तुम्हालाच..."

"रिकामा कसा देऊ?" ती म्हणाली. "बाईंकडनं आल्यालं भांडं."

मी तांब्या घेतला. झाकण घरातच राहिलं होतं, आणि ते मागायची मला हिंमत झाली नाही. उताराला वारा होता. मी तांब्याच्या तोंडावर तळहात धरला आणि खाली टाकव्याला पोहोचेपर्यंत तो काढला नाही.